दारूचे माप

ज्याची तीस वर्षे महाविद्यालयातील मुलांना वर्डस्वर्थ आणि कीट्स समजावून देण्यात गेली, त्याने दारूवर निबंध लिहावयास घेतला हे पाहून आमचे काही स्नेही भुवया उंचावतील आणि काही मोठ्या आशेने जवळ सरकतील. त्या दुसऱ्या वर्गाची निराशा आरंभीच केलेली बरी. आम्ही लिहिणार आहोत ती दारू सोरा, गंधक आणि कोळसा यांची; पेल्यातली नव्हे, बंदुकीतली. आमच्या भाषेने या दोन्ही पदार्थांस एकच नाव का द्यावे, हा व्युत्पत्तीचा प्रश्न आम्ही अधिकारी पुरुषांवर सोपवितो. मूळ फारशी शब्दाचा अर्थ औषध असा आहे, एवढे मात्र आम्हास ठाऊक आहे. आणि औषधाची मात्रा चुकली म्हणजे काय होते, हे समजावयास फारशी यावी लागत नाही.

आमचे गाव किन्हीराजा. नागपूरहून संभाजीनगरकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर, मालेगाव तालुक्यात ते आहे. आज हा तालुका वाशिम जिल्ह्यात मोडतो. पण वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला, आणि आम्ही सांगणार आहोत त्या काळी आमचा सरकारदरबार सारा अकोल्यास होता. त्या वेळी सोयाबीन आमच्या शिवारात आले नव्हते. ज्वारी, कापूस, तूर, मूग आणि नाल्याकाठच्या हलक्या जमिनीत भुईमूग, असा पेरा असे. भुईमूग उकरावयास आणि ज्वारी आडवी करावयास रानडुकरे येत. ती आजही येतात. हल्ली शेताभोवती जुनी लुगडी बांधतात, विजेचा झटका देणारे कुंपण करतात, रात्रभर फटाके वाजवितात. त्या काळी आमच्या घरी यासाठी एक ठासणीची बंदूक होती. १९५९ च्या शस्त्रकायद्यात पिकांच्या राखणीकरिता ठासणीच्या बंदुकीचा अगदी नाव घेऊन उल्लेख आहे, आणि त्या कायद्याखालचा रीतसर परवाना आमच्या मोठेबाबांच्या नावे होता. मोठेबाबा म्हणजे आमच्या वडिलांचे थोरले बंधू. परवाना राखणीचा, जनावर मारण्याची परवानगी १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे निराळी घ्यावयाची असते, हा भेद आमच्या बांधावर त्या वेळी कोणास ठाऊक नव्हता, आणि ज्यांस तो ठाऊक होता ते रात्री बांधावर येत नसत.

ठासणीची बंदूक ज्यांनी भरताना पाहिली नाही त्यांस सांगितले पाहिजे की, तीत बार भरणे हे गोळी झाडण्याहून फार मोठे काम असते. काडतुसाच्या बंदुकीत मनुष्य दुसऱ्याने केलेली निवड झाडतो. ठासणीच्या बंदुकीत दारू किती, गोळी कोणती, चिंधी कशाची आणि गज किती दाबावयाचा, हे सारे ज्याचे त्याला ठरवावे लागते, आणि एकदा ठासल्यावर ते बदलता येत नाही. मोठेबाबा संध्याकाळचे जेवण झाल्यावर ओसरीवर पोते अंथरीत. कंदील हात दोन हात दूर ठेवण्याचा नियम असे. पितळेचे एक लहानसे माप होते. दारू त्या मापाने घेऊन, वर आलेला शीग करंगळीने पाडून, ते नळीत सोडीत. त्यावर जुन्या धोतराची चिंधी, मग शिशाची गोळी, पुन्हा चिंधी. आणि मग गज. गज आपटला असता शेवटी तो उसळून हातभर वर येई. तो तसा उसळला म्हणजे बार नीट बसला. गोळ्या ते घरीच ओतीत आणि त्यांतली एखादी मालेगावच्या बाजारी सोनाराकडे तोलून आणीत. ती अडीच तोळ्यांच्या आतबाहेर भरे. आणि हे सारे ते एका वहीत लिहीत. तारीख, मापे किती, गोळी की छर्रे, किती पावलांवर, आणि शेवटच्या रकान्यात एकच शब्द: ‘पडले’ किंवा ‘गेले’. चौथी इयत्ता शिकलेल्या त्या गृहस्थाची ही वही आम्ही पुढे पाहिलेल्या कित्येक पीएच्. डी. च्या प्रबंधांहून प्रामाणिक होती, असे आमचे मत आहे.

१९८० साली आम्ही अकरा वर्षांचे होतो. (अकरा वर्षांच्या मुलास ‘आम्ही’ शोभत नाही हे खरे, पण पुढे जे सांगावयाचे आहे ते ‘मी’ म्हणून सांगण्याचे धैर्य आम्हास आजवर झालेले नाही.) दिवाळीस पंधरा दिवस उरले होते. विकतचे भुईनळे आमच्या वाट्यास दोनच येणार होते, आणि मातीच्या बोळक्यात दारू भरून घरी भुईनळा करता येतो असे शाळेतील एका मित्राने आम्हास सांगितले होते. दारूचा पत्र्याचा डबा माजघरातील उंच फळीवर असे. एका दुपारी, मोठीआई निजली असता, उतरंडीवर चढून आम्ही तो उतरविला. दोन ओंजळी दारू काढली. डबा बराच खाली गेलेला दिसला, तेव्हा चुलीतला कोळसा पाट्यावर बारीक वाटून तेवढाच त्यात मिसळला आणि काठीने ढवळला. काळ्यात काळे मिसळले. ओळखू येण्याचे कारण नव्हते. आमच्या त्या वेळच्या बुद्धीस हा अपराध न वाटता हिशेब वाटला: जेवढे घेतले तेवढे परत ठेविले. घाईत झाकण नीट बसले नाही आणि त्या आठवड्यात परतीचा पाऊस दोन दिवस लागला. भुईनळा, सांगावयास हरकत नाही, फुसका निघाला.

दिवाळीच्या आधी तीन-चार दिवस मोठेबाबा ज्वारीच्या माळ्यावर राखणीस बसले. पहाटेच्या सुमारास डुकराचा मोठा नर आला. चांदणे नव्हते, पण जनावर तीस पावलांवर आडवे उभे होते आणि एवढ्या अंतरावर मोठेबाबांचा नेम आजवर चुकलेला नव्हता. तोही चुकला नाही. बार उडाला तो नेहमीसारखा खणखणीत न उडता ‘भुस्स’ असा उडाला. गोळी खांद्यावर बसली, पण हाडात शिरली नाही. डुक्कर ज्वारीत गेले. उजाडल्यावर मोठेबाबांनी सर्वांस बजाविले की दुपारपर्यंत त्या वावरात कोणी पाऊल टाकू नये. हा निरोप आमच्या सालदारास मिळाला नाही, कारण तो पलीकडच्या पाणंदीने बैल घेऊन सरळ वावरात आला. जखमी डुक्कर काय करते, हे शिकारीच्या पुस्तकांत वाचलेल्यांस आम्ही नव्याने सांगत नाही. सालदाराची मांडी गुडघ्यापासून वर फाटली. बैलगाडीत ज्वारीचा कडबा घालून त्यास रस्त्यापर्यंत आणले आणि तेथून ट्रकने अकोल्यास नेले. तो वाचला. पाय मात्र कायमचा आखडला. मोठेबाबांनी त्यास पुढे नाल्याकाठचे दोन एकर लिहून दिले, तेव्हा गावाने त्यांच्या औदार्याची तारीफ केली आणि मोठेबाबा त्या दिवशी जेवले नाहीत.

यानंतर जे झाले ते आमच्या दृष्टीने अधिक वाईट होते, आणि या निबंधाचा खरा विषय तेच आहे. मोठेबाबा चौकशीस बसले. वहीची मागची पाने काढून, ओसरीवर कंदील लावून, त्यांनी बाराच्या एकेका अंगावर संशय घेतला. गोळी हलकी होती काय? चिंधी सैल होती काय? माप कमी पडले काय? दारूवर मात्र त्यांनी संशय घेतला नाही. ती त्यांनी स्वतः आणून स्वतःच्या फळीवर ठेविलेली होती, आणि फळीवर हात जाईल असे घरात कोणी आहे, हे त्यांच्या मनात आले नाही. जुन्या पेठेच्या भिंतीवर, म्हणजे पडक्या मातीच्या भिंतीवर, त्यांनी परीक्षेचे बार टाकले. गोळी मातीत वीतभरही जाईना. तेव्हा त्यांनी माप वाढविले. सव्वा माप, दीड माप, पावणेदोन माप. होता होता गोळी पूर्वीइतकी खोल जाऊ लागली. मग वहीत त्यांनी नवा आकडा लिहिला आणि त्याखाली रेघ ओढली. आम्ही कंदील धरून शेजारी बसलो होतो. ते आम्हास म्हणाले, “पाह्य बापू, माप माह्यं चुकलं होतं. माणसानं आपलं माप तपासत राहाव.” आम्ही कंदील धरून राहिलो.

पुढच्या वर्षी नवी दारू आली. ती कोरडी होती, चोख होती, तीत कोणी कोळसा मिसळलेला नव्हता. आणि मोठेबाबांच्या वहीतला आकडा आमच्या कोळशाच्या दारूचा होता. पहिल्याच बारास, जिच्यावर टोपी बसवितात ती लहानशी पोलादी नळी आट्यांतून निखळून त्यांच्या कानाशेजारून मागे उडाली. गालावर जळल्याचा डाग राहिला आणि उजवा कान गेला. नळी फुटली नाही हे जुन्या लोहाराचे पुण्य.

हे आम्ही त्यांस सांगितले काय, असे वाचक विचारतील. सांगितले, पण कसे, तेही सांगितले पाहिजे. १९९६ साली, आम्हास प्राध्यापकाची जागा मिळून दोन वर्षे झाली असता, उन्हाळ्याच्या सुटीत त्यांच्या खाटेशेजारी बसून आम्ही सारी हकीकत पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. आम्ही त्यांच्या उजव्या बाजूस बसलो होतो. जागा आम्हीच निवडली होती. सांगून झाल्यावर ते जरा वेळ छताकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “बापू, ते तंबाखूचं पाकीट दे.” त्यापुढच्या हिवाळ्यात ते गेले.

आमच्या व्यवसायाचा एक फायदा असा की, जी गोष्ट मनास टोचते तिच्यावरचे एखादे इंग्रजी पुस्तक कोठे ना कोठे सापडतेच. आम्हास कॅप्टन जेम्स फोर्साइथ सापडला. मध्यप्रांताच्या अरण्यांवरील त्याचे १८७१ चे पुस्तक पुष्कळांस ठाऊक असते. निमाडच्या जमाबंदीवर नेमलेला हा अधिकारी पचमढीवर येऊन राहिला होता, ही हकीकतही प्रसिद्ध आहे. पण त्यापूर्वी त्याने एक लहानसे पुस्तक केवळ शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवर लिहिले होते, हे फारसे कोणी सांगत नाही. त्या काळी रायफलींच्या नळ्यांत आटे घट्ट पिळाचे असत. अशा नळीत गोल गोळीमागे जास्त दारू घातली की गोळी आट्यांत न फिरता त्यांवरून सरळ घसरून जाई, नेम बिघडे; म्हणून दारू कमी घालावी लागे आणि गोळी थोड्याच अंतरावर खाली झुके. लांबट गोळीच्या नव्या पंथाचे लोक म्हणत, गोलच टाकून द्या. फोर्साइथने उलट धरिले: गोल गोळी ठेवा, पण आट्यांचा पीळ अगदी मंद करा, म्हणजे पुष्कळ दारू सोसेल आणि गोळी सरळ रेषेत जोराने जाऊन जनावर जागीच पडेल. ग्रंथभर गणिते आहेत. पण त्या गणितांच्या मुळाशी जी चिंता आहे ती एकच, जखमी होऊन जंगलात गेलेले जनावर. मोठेबाबा ज्या ओसरीवर बसून माप वाढवीत होते, त्याच प्रश्नाशी फोर्साइथ शंभर वर्षांपूर्वी झगडत होता. फरक एवढाच की, फोर्साइथच्या डब्यात कोणी पुतण्याने हात घातलेला नव्हता.

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही अमेरिकेत मोंटाना राज्यातील बोझमन या गावी तीन आठवडे होतो. मोठेबाबांचा नातू तेथे अभियंता आहे, आणि आजोबांचा छंद एक पिढी ओलांडून त्याच्यात उतरला आहे. तेथे ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत सरकारी परवान्याने एल्कची शिकार करता येते. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोराड भाऊबंद समजावा. आपल्याकडे परवान्याची .३१५ ची रायफल ज्यांच्या घरी असते ते सरकारी कारखान्यातील तयार काडतुसे मोजून घेतात. काडतुसे बनवावयास आपल्या कायद्याने निराळा परवाना लागतो, म्हणून रायफलीचे काडतूस घरी भरण्याची कला आपल्याकडे जवळजवळ अपरिचित आहे. तिकडे ती भरतकामाइतकी घरगुती आहे. आमचा नातू, म्हणजे नात्याने पुतण्या, जो आम्हास ‘काका’ म्हणतो, मोटारीच्या खोलीत एक टेबल मांडून हे काम करतो, आणि पहिल्या संध्याकाळी त्याने आम्हास तेथे एक स्टूल दिले. कंदिलाच्या जागी विजेचा दिवा होता. बाकी बसण्याची तऱ्हा आम्ही ओळखली.

त्याची रायफल .३५ व्हेलन या जातीची, मध्यम व्यासाची आहे. अमेरिकन लष्कराने १९०६ साली स्वीकारलेल्या .३० च्या काडतुसाचे पितळी तोंड रुंद करून हे काडतूस १९२२ साली तयार झाले, आणि कर्नल टाउनसेंड व्हेलन या लेखक-शिकाऱ्याचे नाव त्यास मिळाले. मौज अशी की, पुढची पासष्ट वर्षे हे काडतूस कोणत्याही मोठ्या कारखान्याने विकावयास काढले नाही. ज्यास ते हवे त्याने ते घरीच भरावयाचे. म्हणजे तीन पिढ्यांच्या शिकाऱ्यांनी त्याची दारू आणि गोळी स्वतः निवडली, स्वतः वह्या लिहिल्या.

दारूची निवड म्हणजे जोराची निवड, अशी आमची मोठेबाबांच्या ओसरीवरची समजूत होती. ती चुकीची ठरली. जुन्या काळ्या दारूत दाणा लहानमोठा करण्यापलीकडे फारसे काही करता येत नसे. १८८४ साली व्येय नावाच्या फ्रेंच रसायनज्ञाने बिनधुराची दारू केली, तेव्हापासून दारू किती जळते यापेक्षा ती कोणत्या वेगाने जळते हा प्रश्न मुख्य झाला. तिचे दाणे मुद्दाम निरनिराळ्या आकाराचे करतात. काही शेवया बारीक कातराव्या तसे, काही खसखशीसारखे, काही चपटे. आणि वर असा लेप देतात की आग बाहेरून आत सावकाश शिरावी. आता पितळी कवच तेच ठेवून गोळी जाड केली, तर गोळी नळीत थोडी सरकताच तिच्यामागची जागा फार झपाट्याने वाढते आणि दाब पडतो. म्हणून रुंद नळीस जरा लवकर जळणारी दारू लागते. फार सावकाश जळणारी दारू घातली तर ती निम्मीअर्धी न जळताच तोंडातून बाहेर उडते. उलट गोळी जड केली तर ती जागची हलावयास वेळ घेते, दाब चढतो, आणि दारू पुन्हा सावकाश जळणारी पाहावी लागते. लवकर जळणारी फार लवकर जळू लागली की काय होते, हे आमच्या घराण्यास शिकवावयास नको. दारू जागा पाहून निवडावी लागते, असे पुतण्या म्हणाला. आणि त्याच्या टेबलावर एका वेळी एकाच दारूचा डबा असतो, दुसरा कपाटात कुलपाआड.

उष्णतेचीही एक गोष्ट त्याने सांगितली, ती विदर्भातील माणसास पटकन समजते. इंग्रजांची कॉर्डाइट नावाची दारू इंग्लंडच्या थंडीत बेतलेली. ती हिंदुस्थानच्या उन्हात तापली की दाब भलताच वाढे, आणि काडतुसाचे कवच रायफलीत अडकून बसे. वाघ पुढे आणि अडकलेले कवच मागे, अशी स्थिती टाळण्यासाठी तेथील कारखानदार उष्ण देशांकरिता मुद्दाम कमी दारूची काडतुसे भरून पाठवीत. किन्हीराजाच्या वैशाखात भरलेला बार आणि मार्गशीर्षात भरलेला बार हे एकच नव्हेत, हे मोठेबाबांच्या वहीतही एका ठिकाणी आहे. कारण त्यांस ठाऊक नव्हते, निरीक्षण बरोबर होते.

गोळीच्या निवडीस आम्ही आलो तेव्हा रात्रीचे अकरा झाले होते. तिकडे गोळीचे वजन ग्रेनमध्ये मोजतात, आणि पुतण्याने तीन गोळ्या आमच्या तळहातावर ठेवल्या: २००, २२५ आणि २५० ग्रेनच्या. आम्ही मनात हिशेब केला. कंपनी सरकारने १८३३ साली आपला तोळा १८० ग्रेनचा ठरविला. म्हणजे मधली गोळी बरोबर सव्वा तोळ्याची. हे आम्ही त्यास सांगताच त्यास एवढा आनंद झाला की त्याने ते लगेच डब्यावर मराठीत लिहून ठेविले. हलकी गोळी वेगाने आणि सरळ जाते, जड गोळी लवकर खाली झुकते पण शिरल्यावर थांबत नाही. एवढे वरवर सोपे आहे. पण गोळी शिरल्यावर काय होते हा खरा प्रश्न. ती तशीच राहिली तर सुईसारखी पार निघून जाते आणि जनावर मैलभर धावते. ती फार लवकर फुटली तर कातड्याखालीच पसरून राहते, आणि जनावर तरीही धावते. १९४६ साली जॉन नॉसलर नावाच्या अमेरिकन शिकाऱ्याने ब्रिटिश कोलंबियात चिखलाने माखलेल्या एका मूसवर वेगवान रायफलीच्या गोळ्या झाडल्या, त्या वरवरच फुटून राहिल्या. घरी येऊन त्याने गोळीच्या पोटात तांब्याची एक आडवी भिंत घातली: पुढचे शिसे फुलावे, मागचे शाबूत राहून आत जावे. ती गोळी तो दोन वर्षांनी विकू लागला. पुतण्याने निवडली ती तीच, सव्वा तोळ्याची. आणि दारू मध्यम वेगाची, तीही पुस्तकात दिलेल्या कमाल मात्रेच्या बरीच अलीकडे. “ज्या झाडीत मी बसतो तेथे दीडशे यार्डांपलीकडे दिसतच नाही. मग वेग कोणासाठी वाढवावयाचा?” असे तो म्हणाला.

येथे आम्हास एक विसंगती सुचली आणि आम्ही ती बोलून दाखविली, कारण प्राध्यापकास विसंगती गिळता येत नाही. शरीरात फुलणारी गोळी युद्धात वापरू नये असे १८९९ साली हेग येथे राष्ट्रांनी जाहीर केले. आणि ती गोळी ज्या कारखान्याच्या नावाने कुप्रसिद्ध झाली तो डमडमचा कारखाना आमच्याच कलकत्त्याजवळचा. माणसास जी क्रूर म्हणून वर्ज्य, तीच जनावरास दयाळू म्हणून पसंत! पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “काका, युद्धात जखमी माणूस उचलावयास माणसे येतात. एल्क जखमी होऊन गेला तर त्याच्यामागे मी एकटा.” हे उत्तर पूर्ण आहे असे आम्हास वाटत नाही, शिकारच करू नये हा पक्ष त्याने शिल्लक ठेविलाच आहे, आणि आमची सौभाग्यवती त्या पक्षाची आहे. पण सालदाराची मांडी ज्याने पाहिली आहे त्यास ते उत्तर समजते.

दुसऱ्या संध्याकाळी त्याने त्याच दारूचा नवा डबा उघडला. नाव तेच, कारखाना तोच, फक्त डब्यावरचा घाणीचा क्रमांक निराळा. तरी त्याने मात्रा पुष्कळ खाली उतरविली आणि पुन्हा पहिल्यापासून, थोडी थोडी वाढवीत, पाच पाच काडतुसे भरावयास घेतली. आम्ही विचारले, कालचा आकडा वहीत आहे, मग पुन्हा का? “नवा डबा, नवा हिशेब,” तो म्हणाला. “कालचा आकडा कालच्या डब्याचा.” आणि मग त्याने खणातून एक वही काढली. लाल कापडी बांधणीची, कोपरे झिजलेली ती वही आम्ही चाळीस वर्षांत पाहिली नव्हती. तो गेल्या वेळी गावी आला असता मोठीआईने ती त्यास दिली होती. त्याने खूण घातलेले पान उघडले. “आबाजींचे सगळे समजते, हे एकच समजत नाही. पंधरा वर्षे एक माप. १९८० च्या दिवाळीत एकदम पावणेदोन. असा माणूस एका रात्रीत एवढे माप वाढवणार नाही. काय झाले होते?”

या वेळी आम्ही त्याच्या डाव्या बाजूस बसलो होतो की उजव्या, याने काही फरक पडणार नव्हता. त्याचे दोन्ही कान शाबूत आहेत. आम्ही सांगितले. उतरंड, कोळसा, पाटा, भुईनळा, सालदार, कंदील, सारे सांगितले. सांगताना आम्ही वहीकडे पाहत होतो. पावणेदोनच्या आकड्याखालची रेघ मोठेबाबांनी दोनदा ओढलेली होती.

तो अभियंता असल्यामुळे त्याने प्रथम हिशेब केला. दोन ओंजळी कोळशाने डब्यातील दारूचे प्रमाण किती बिघडेल, आणि दोन दिवसांच्या ओलीने किती. त्याच्या मते दोष कोळशाहून उघड्या झाकणाचा अधिक. आमच्या समाधानासाठी तो हे म्हणत होता, हे आम्हास कळत होते. शिवाय झाकणही आम्हीच उघडे ठेविले होते. मग त्याने पेन्सिल घेतली आणि त्या पानाच्या समासात, आजोबांच्या मोडी वळणाच्या आकड्यांशेजारी, बारीक अक्षरात लिहिले: ‘दारू भेसळ. माप बरोबर होते.’ खाली तारीख घातली. वही आमच्यापुढे करून त्याने विचारले, “सही करता?”

आम्ही सही केली. वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांच्या दाखल्यांवर करतो तशी, पदवीसकट. सवयीने हात तसा वळला. त्यास हसू आले, आम्हासही आले.

त्या रात्री सर्व निजल्यावर आम्ही एकदा उठून मोटारीच्या खोलीत गेलो. दिवा लावला नाही. टेबलावर डबा होता. झाकण त्याने घट्ट लावलेले होते. तरी आम्ही ते हाताने पुन्हा दाबून पाहिले आणि परत आलो.